पिलांचे आजार : औषधाआधी विष्ठा पाहा

कुक्कुटपालन आणि कोंबडी-विक्रीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. या धंद्याचा नफा-तोटा पुष्कळदा पिलांच्या पहिल्या सहा आठवड्यांतच ठरतो. पिले मलूल दिसताच मिळेल ते प्रतिजैविक आणून पाण्यात टाकले जाते. त्याने पैसाही जातो आणि पिलेही. आधी रोग ओळखावा; पिलांची विष्ठा त्याचा पहिला सुगावा देते.

पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी, चिकट हगवण लागून पार्श्वभाग लडबडला असेल, तर साल्मोनेलाची शंका घ्यावी. हा रोग रोगट कोंबडीच्या अंड्यातूनच पिलात उतरतो. म्हणून पिले खात्रीच्या हॅचरीतूनच घ्यावीत.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर ती बहुधा रक्ती हगवण असते. तिचे परजीवी ओल्या तुसात फोफावतात. यावर अँप्रोलियमची २० टक्के भुकटी लिटरमागे सुमारे १.२ ग्रॅम या प्रमाणात ३ ते ५ दिवस पाण्यातून देतात. त्या काळात दुसरे पाणी ठेवू नये, तसेच ब-१ जीवनसत्त्वही देऊ नये. त्याने औषधाचा जोर कमी होतो. ओले तूस मात्र त्याच दिवशी काढावे, नाहीतर औषध वाया जाते.

हिरवट हगवण, धाप आणि वाकडी मान ही मानमोडीची लक्षणे होत. या रोगावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात घालणे हाच उपाय.

इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी या गिनी फाउलच्या जाती दिल्या आहेत. मोठा गिनी पक्षी काटक, पण त्याचे पिलू थंडी आणि ओल सोसत नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करावी. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत. या पिलांना औषधाची मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी.

कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशु-पक्ष्यांना देण्यावर २०१९ पासून बंदी आहे. इतर औषधांच्या वेष्टनावर जितके दिवस थांबण्यास सांगितले असेल, तितके दिवस पक्षी विकू नये. रोगाने मेलेला पक्षी मुरदार. तो चुना टाकून खोल पुरावा. चार पैशांसाठी तो बाजारात आणणाऱ्याची कमाईही हलाल राहत नाही आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही उरत नाही.