चैत्रातली बेणणी

वाल निघाले की पेण-रोह्याकडच्या परसात वांगी, मिरची, चवळी आणि माठाचे वाफे तेवढे हिरवे राहतात. पावसाला अजून अवकाश असतो, तरी तण हटत नाही. साऱ्या शिवारात ओल असते ती याच वाफ्यांत.

त्यातला खरा खट लव्हाळा. लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत त्याला पहिला क्रमांक दिला. वर चार पाती दिसतात. खरा ऐवज जमिनीखाली, बारीक धाग्यांनी जोडलेल्या गाठींच्या साखळीत. टोकाची गाठ फुटली की ती मागच्या गाठींना दबवून ठेवते. आपण कुदळ घालून साखळी तोडली की तो दाब सुटतो आणि निजलेल्या गाठी एकेक करून फुटतात. म्हणजे जोरात खणणाऱ्याकडेच लव्हाळा जास्त! पण सोडूनही भागत नाही, कारण पाती वर आल्यावर काही आठवड्यांतच नव्या गाठी धरतात. तेव्हा पंधरवड्याच्या आत खुरप्याने पाती कापायची, फुटली की पुन्हा कापायची. गाठीतला साठा आटत जातो. हाती लागलेल्या गाठी कडक उन्हात वाळवाव्यात. लव्हाळ्याला ऊन मानवतं, सावली सोसत नाही. मोकळ्या जागी दाट चवळी पेरावी, ती सावली धरते.

बियांपासून येणाऱ्या तणाची गोष्ट निराळी. माती उलथली की खोल पडलेल्या बियांना उजेड दिसतो, आणि पुष्कळ तणांना रुजायला तेवढी क्षणभराची तिरीपही पुरते. त्यांचा दम दांडगा: अमेरिकेत विल्यम बील यांनी १८७९ साली पुरलेल्या बाटल्यांपैकी एक २०२१ मध्ये उकरली, तर १४२ वर्षांनीही काही बिया रुजल्या. म्हणून पेरणीआधी वाफा भिजवावा, तण उगवू द्यावं, वरवर खरवडावं आणि पुन्हा न खणता बी टाकावं. रोपं उभी राहिली की भाताचा पेंढा पसरावा. लव्हाळा त्याला जुमानत नाही, त्याची टोकं प्लॅस्टिकही भेदतात. बाकीचं तण मात्र दबतं. पेणच्या खारपट्टीत पेंढ्याचा दुहेरी फायदा आहे: बाष्पीभवन घटतं, त्यामुळे पाण्याबरोबर वर चढणारं मीठही कमी होतं. रोह्याकडे कालव्याचं पाणी घेणाऱ्यांनी नळीच्या तोंडाला फडकं बांधावं, कारण त्या पाण्यातून तणाचं बी येतं.

आणि उपटलेली घोळ वाफ्यातच टाकू नका, ओलीवर ती पुन्हा मुळं धरते. फुलं यायच्या आत खुडून तिची भाजी करा.