हास्य आणि भयानक : भयपटांतील विदूषकाच्या संदर्भात

रसविरोधाचे प्रकरण शिकविताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न अलीकडे वारंवार उपस्थित केला जातो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत. तसे असेल तर पाश्चात्त्य भयपटांतील विदूषकाची उपपत्ती कशी लावावयाची? हसविणे हेच ज्याचे प्रयोजन, त्याच्या दर्शनाने बालक घाबरते आणि प्रौढही अस्वस्थ होतो. हा प्रश्न ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारता येत नाही. कारण त्यात हास्याचे स्वरूपच पणाला लागते. प्रस्तुत लेखात या भीतीची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

१

प्रथम ‘विकृत’ या शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष व अलंकार यांचा, तर भयानकाचे विभाव सांगताना विकृत ध्वनीचा निर्देश केला आहे. येथे ‘विकृत’ म्हणजे आजच्या मराठीतील ‘हिणकस मनोवृत्तीचा’ असा अर्थ नसून ‘स्वाभाविकापासून ढळलेले’ एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. म्हणजे दोन्ही रसांच्या मुळाशी स्वाभाविकतेचा भंग आहे. मग एका भंगातून हसू आणि दुसऱ्यातून भय का निर्माण व्हावे?

याचे उत्तर ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मध्ये सापडते. हास्यास्पद गोष्टीत दोष किंवा कुरूपता असते, परंतु ती वेदनादायक वा विनाशक नसते, असे सांगून त्याने सुखात्मिकेतील मुखवट्याचे उदाहरण दिले आहे. तो मुखवटा वेडावाकडा असतो, पण त्यात पीडा नसते. यावरून असे म्हणता येईल की, विकृतीला निरुपद्रवीपणाची हमी मिळाली म्हणजे हास्य संभवते. ती हमी काढून घेतली म्हणजे तीच विकृती भयाचा विभाव बनते. विदूषकाचा चेहरा दोन्ही ठिकाणी एकच असतो. बदलते ती हमी.

२

ही हमी चेहऱ्यात नसून परिस्थितीत असते. सर्कशीचा झगमगीत तंबू, बँडचे संगीत, शेजारी बसलेले आईवडील आणि शेकडो लोकांचे हसणे या साऱ्यांनी मिळून ‘हे खोटे आहे’ असे बालकाला सांगितलेले असते. भयपट नेमके हेच आधार काढून घेतो. टोब हूपर दिग्दर्शित ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) या चित्रपटात विदूषकाची बाहुली मुलाच्या शयनगृहात, पलंगासमोरच्या खुर्चीवर बसविलेली आहे. आरंभी ती काहीच करीत नाही. तरीही मुलगा तिच्यावर जाकीट फेकून तिचा चेहरा झाकू पाहतो. पुढे खुर्ची रिकामी दिसते, मुलगा पलंगाखाली डोकावतो, आणि बाहुली त्याच्या पाठीमागे असते. प्रेक्षकाच्या भयाचा आरंभ हल्ल्यापासून होत नाही, रिकाम्या खुर्चीपासून होतो.

स्टीफन किंग यांच्या ‘इट’ (१९८६) या कादंबरीवरील २०१७ च्या चित्रपटात हे तंत्र अधिक सूक्ष्म आहे. पावसात कागदाची होडी सोडणारा लहानगा जॉर्जी गटाराच्या तोंडाशी पेनीवाइज या विदूषकाला भेटतो. विदूषक बोलतो, मुलगा हसतो, विदूषकही हसतो. आणि मग त्याचे हसू एकाएकी थांबते. क्षणभरच्या त्या स्तब्धतेत हमी रद्द होते. विश्वनाथाने सांगितलेला विरोध येथे मोडत नाही, उलट उपयोगात आणला जातो. विदूषकाचे हसू हे प्रेक्षकाच्या हास्यरसाचे साधन राहत नाही. ते आलंबनाच्या ठिकाणी असलेले आमिष ठरते, आणि भयाचा आश्रय मात्र बालक असते.

३

आता बालक व प्रौढ यांच्या भीतीतील भेद पाहू. रीटा डीव्ह्रीस या संशोधिकेने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एका मांजराला कुत्र्याचा मुखवटा चढविला. लहान मुलांपैकी अनेकांना मांजराचे खरोखरच कुत्रे झाले असे वाटले. सहा वर्षांच्या मुलांना बहुधा तसे वाटले नाही. दिसणे आणि असणे यांतील भेद हा शिकावा लागतो, असा याचा अर्थ. ज्या बालकाने तो अद्याप आत्मसात केलेला नाही, त्याच्या दृष्टीने रंगविलेले तोंड म्हणजे रंगाखाली दडलेला ओळखीचा माणूस नव्हे. तो वेगळाच जीव होय.

प्रौढाला हा भेद ठाऊक असतो, आणि त्याची भीती नेमकी त्यातूनच उद्भवते. रंगाखाली कोणीतरी आहे, पण त्याचा हेतू कळत नाही. चेहऱ्यावर कायमचे हसू रंगविलेले असल्यामुळे राग, कंटाळा, द्वेष यांच्या खुणा वाचता येत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ९८७ प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांनी विदूषकांविषयी कमीअधिक भीती वाटत असल्याचे सांगितले. कारणांमध्ये रंगामुळे झाकल्या जाणाऱ्या भावनांचा वाटा मोठा आढळला. प्रत्यक्ष वाईट अनुभवाचा वाटा मात्र अल्प होता. फ्रॉईड यांनी १९१९ च्या निबंधात परिचितच अपरिचित होऊन समोर येण्याने जाणवणाऱ्या ज्या अस्वस्थतेची चर्चा केली, तिच्याशी हे जुळते.

या अस्वस्थतेला इतिहासाचीही जोड आहे. पांढऱ्या चेहऱ्याच्या आधुनिक विदूषकाची परंपरा लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) याच्यापर्यंत जाते. त्याच्या दुःखमय आयुष्याच्या आठवणी १८३८ मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी संपादित केल्या, आणि रंगाखाली वेगळेच काही असते ही जाणीव वाचकांत रुजण्यास साहाय्य झाले. अमेरिकेत १९८० मध्ये तेहतीस खुनांबद्दल दोषी ठरलेला जॉन वेन गेसी हा विदूषकाच्या वेषात मुलांच्या कार्यक्रमांना जात असे. या घटनेने भीती निर्माण केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु असलेल्या संशयाला तिने पुरावा पुरविला.

४

यावर एक आक्षेप संभवतो. विदूषकाचा चेहराच भयकारक असता तर रुग्णालयांत तो उपयोगी पडला नसता. या संदर्भात दोन अभ्यास एकत्र पाहण्यासारखे आहेत. २००८ मध्ये शेफील्ड विद्यापीठाने अडीचशेहून अधिक मुलांची मते घेतली, तेव्हा रुग्णालयाच्या भिंतींवरील विदूषकांची चित्रे त्यांना नापसंत असल्याचे दिसले. उलट इटलीत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी पालकांसोबत विदूषकही जवळ असल्यास मुलांची चिंता कमी झाल्याचे आढळले. भिंतीवरचा चेहरा बालकाला प्रतिसाद देत नाही. जवळचा विदूषक त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपले वागणे बदलतो, आणि पालक तेथे असतात. वर प्रतिपादिलेल्या ‘हमी’ला यामुळे दुजोराच मिळतो.

‘इट’मध्ये डेरी गावातील प्रौढांना विदूषक दिसत नाही, आणि मुलांना एकट्यानेच त्याला सामोरे जावे लागते. कादंबरीतील खरे भय बहुधा येथेच आहे: हमी देणारे लोकच अनुपस्थित आहेत. प्रौढ प्रेक्षक या ठिकाणी दोन्ही बाजूंनी घाबरतो, एकेकाळचे मूल म्हणून आणि आजचा पालक म्हणूनही.

सारांश, हास्य व भयानक यांचा विरोध हा दोन दूरस्थ रसांचा विरोध नसून एकाच विभावाच्या दोन परिणतींचा विरोध आहे. त्यांच्यामधील सीमारेषा विश्वासाची असते. वर्गात रसविरोध शिकविताना ही बाजू मांडली जावी असे वाटते. तसेच, सर्कशीत विदूषक जवळ येताच आईच्या पदरामागे लपणाऱ्या मुलाला भित्रे ठरविण्याची घाई करू नये. ती हमी त्याला अद्याप मिळालेली नसते. आणि ती देण्याचे काम त्याच्या शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचे असते.