पी/ई कमी म्हणजे शेअर स्वस्त? साताऱ्याच्या स्कूटर कंपनीला विचारूया

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "दादा, ॲपवर पी/ई ८ दिसतोय, घेऊन टाकू का?" थांबा जरा.

समजा, साताऱ्यातलं एक कंदी पेढ्यांचं दुकान वर्षाला ५ लाख नफा कमावतं आणि मालक दुकानाचे ५० लाख मागतोय. ५० भागिले ५, म्हणजे पी/ई १०. नफा असाच राहिला तर पैसे वसूल व्हायला १० वर्षं. शेअरचंही तेच, भाव भागिले प्रति शेअर नफा, म्हणजे ईपीएस.

आता मालकाने दुकानामागची जागा विकली आणि त्या वर्षीचा नफा २५ लाख दिसला. पी/ई झाला २! दुकान स्वस्त झालं का? नाही ना. पेढे तेवढेच खपतायत. ॲपवरच्या ८ मागे असं काही नाही ना, ते आधी बघायचं. आणि तोटा असेल तर पी/ईला अर्थच उरत नाही.

आता खरी गंमत. आपल्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स नावाच्या कंपनीच्या स्कूटर बनायच्या. घरात मोठ्यांना विचारा, 'प्रिया' स्कूटर आठवेल. बजाज आणि सरकारी पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांची ही भागीदारी, १९७५ ची. पुढे स्कूटर बंद पडल्या, पण कंपनीकडे बजाज फायनान्स, बजाज ऑटो अशा कंपन्यांचे शेअर राहिले. तिची कमाई आज मुख्यतः त्यांच्या लाभांशावर.

इथे पी/ई गंडतो. लाभांश नफ्यात धरला जातो, पण हातातल्या शेअरचा भाव वाढला तर ती वाढ ईपीएसमध्ये येत नाही. खालचा आकडा छोटा, म्हणून पी/ई भलताच मोठा दिसू शकतो. आम्ही कोडवाले म्हणतो तसं, फॉर्म्युला बरोबर, इनपुट चुकीचा. अशा कंपनीत हातातल्या गुंतवणुकीची किंमत बघायची. बाजार सहसा त्यावरही सूट मागतो, हे वेगळं.

किंमत ठरवणं किती अवघड असतं बघा. महामंडळाला आपला २७ टक्के हिस्सा बजाजला विकायचा होता, पण भावावरून वाद झाला. २००६ मध्ये लवादाने शेअरला १५१.६३ रुपये ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१९ मध्ये मिटलं, तोवर बाजारात तो शेअर हजारांत गेला होता!

मग पी/ई वापरायचा कुठे? सांगली जिल्ह्यात या. किर्लोस्करवाडी, १९१० ची वसाहत. किर्लोस्कर ब्रदर्स पंप बनवते, विकते, नफा धंद्यातून येतो. इथे पी/ई कामाचा. तुलना मात्र पंपवाल्यांशीच करा, आयटी कंपनीशी नाही. स्वतःच्या मागच्या पाच-सात वर्षांच्या पी/ईशीही ताडून बघा. कंपनीच्या परदेशात उपकंपन्या आहेत, म्हणून ईपीएस एकत्रित नफा-तोटा पत्रकातला घ्या. ॲपवर 'कन्सॉलिडेटेड' आणि 'स्टँडअलोन' अशी दोन बटणं असतात, बरेच जण तिथेच फसतात.

आणि हो, "सांगलीच्या साखर कारखान्याचा पी/ई किती?" असं एकाने विचारलंय. बाबा, तो सहकारी असेल तर त्याचा शेअर बाजारात येतच नाही. भावच नाही, तर भागणार कशाला?

पुढच्या भागात ईपीएस कंपनीच्या अहवालात नेमका कुठे शोधायचा, ते बघू.