धक्क्यावरून खड्डा कसा ओळखायचा?

एसटीच्या मागच्या बाकावर बसणाऱ्याला रस्त्याची परीक्षा वेगळी शिकवावी लागत नाही. डोळे मिटलेले असले तरी बस उसळली की खड्डा आला हे कळते. पण पुष्कळदा तो खड्डा नसतोच. रेल्वेचे फाटक असते. हा फरक यंत्राला कसा कळावा?

धक्का मोजणारा संवेदक आज स्मार्टफोनमध्येच असतो. त्याला त्वरणमापक म्हणतात. त्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्यामुळे विद्युतधारकता बदलते आणि तिच्यावरून त्वरण काढता येते. टेबलावर स्वस्थ पडलेल्या फोनमध्येही हा मापक ९.८ मी./से.² दाखवतो. का, ते वर्गात जरूर विचारावे.

अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी बॉस्टन परिसरातील ७ टॅक्सींत असे संवेदक बसवून केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ठिकाण जीपीएसवरून कळत असे. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला १० मीटर जाते. सेकंदाला २० नोंदी घेतल्या तर दोन नोंदींमध्ये अर्धा मीटर रस्ता निसटतो आणि लहान खड्डा त्यात हरवतो. म्हणून त्यांचे संवेदक सेकंदाला शेकडो नोंदी घेत.

मग चाळण्या आल्या. गाडी उभी असतानाचा धक्का बहुधा दार आपटल्याचा, तो वगळायचा. पुढची युक्ती आम्हाला फार आवडली. खड्ड्यात बहुतेक वेळा एकाच बाजूचे चाक जाते, त्यामुळे गाडी खाली-वर होताना आडवीही हिसकते. रुळांवर किंवा पुलाच्या सांध्यावर दोन्ही बाजूंची चाके बरोबरच चढतात. आडवा हिसका कमी बसतो. म्हणजे उभ्या आणि आडव्या त्वरणाची तुलना केली की खड्डा वेगळा काढता येतो. शिवाय एकाच जागी अनेक फेऱ्यांत धक्का नोंदला गेला, तरच ती जागा धरायची.

पुढे २०१२ मध्ये बॉस्टन शहराने 'स्ट्रीट बंप' हे अॅप नागरिकांच्या हाती दिले. पुष्कळ धक्के खड्ड्यांचे नव्हेत, तर रस्त्याशी समपातळीत नसलेल्या मॅनहोलच्या झाकणांचे निघाले! परंतु खरी अडचण निराळीच होती. गरिबांकडे आणि वृद्धांकडे तेव्हा स्मार्टफोन कमी होते. त्यांच्या गल्ल्यांतून धक्केच नोंदले गेले नाहीत, तर नकाशावर त्या गुळगुळीत दिसणार आणि डांबर दुसरीकडे जाणार. हे ओळखून शहराने ते आधी सगळ्या भागांत फिरणाऱ्या आपल्याच रस्ते-निरीक्षकांना दिले होते. 'धक्का नाही' आणि 'नोंदच नाही' ही दोन्ही शून्ये नकाशावर सारखीच दिसतात. म्हणून कोणत्या रस्त्यावरून किती फेऱ्या झाल्या, हेही धक्क्यांबरोबर लिहावे लागते.

हा प्रयोग सायकलवर करता येईल. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे मोफत अॅप त्वरणाचा आलेख काढते. फोन कॅरिअरला घट्ट बांधून एकाच रस्त्यावर तीन निरनिराळ्या वेगांनी फेऱ्या माराव्यात. सायकलची चाके एकामागे एक असल्यामुळे आडव्या हिसक्याची युक्ती येथे चालणार नाही. तिच्याऐवजी काय करता येईल ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. फोन दप्तरात सैल ठेवला, तर मात्र रस्त्याऐवजी दप्तराचेच धक्के मोजले जातील.