उसण, लाथ आणि कायदा

आमच्या निफाड तालुक्यात हमालाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ लावून घेत. अजूनही कोणी घेतो. शिकलेले याला हसतात. पण 1895 साली अमेरिकेत डॅनियल पामरने मणके हाताने दाबून बसवण्याचा जो उपचार सुरू केला, त्या 'कायरोप्रॅक्टिक'ला तिकडे सरकारी परवाना मिळतो. अशा दाबण्याने कंबरदुखीला काही काळ थोडा उतार पडतो, इतके खरे. मात्र पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा सुटला, तर लाथही नको नि दाबणेही नको. तडक इस्पितळ गाठावे.

माझा बाप लासलगावच्या बाजारात गोण्या वाही. वाकून ओझे उचलताना मणक्यांमधली चकती हळूहळू झिजते, मागे सरकते आणि पायाकडे जाणारी शीर चेपते. मेख इथेच आहे. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा अपघात मागे, नाहीतर यादीतला रोग. वीस वर्षे झिजलेल्या पाठीने कोणती तारीख सांगावी? 1969 चा माथाडी कायदा आला, तोही नोंद झालेल्यांपुरता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली एका पुरुषाच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा सुचवली होती. बापाच्या पाठीवरचे धान्याचे पोते शंभर किलोचे असे.