मर्यादा कंपनीची की ग्राहकाची?

धुळ्याला कोर्टाबाहेरच्या माझ्या टेबलावर नानांनी एक पाकीट ठेवले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, कोर्टनी नोटीस उनी." एस.टी.च्या आगारात बत्तीस वर्षे मेकॅनिक म्हणून हात काळे केलेला हा माणूस. कुणाचा एक पैसा बुडवला नाही, की कधी कोर्टाची पायरी चढला नाही. "जयभीम नाना, आधी बसा," म्हणालो आणि पाकीट उघडले. आत लोकअदालतीची नोटीस होती. एका मोबाईल कंपनीच्या १३,२६० रुपयांच्या थकीत बिलाबद्दल.

नानांचे महिन्याचे बिल साडेचारशे-पावणेपाचशेच्या वर कधी गेलेले नव्हते. मग तेरा हजार आले कुठून?

गेल्या थंडीत वस्तीतील तीस-पस्तीस धम्मबांधव यात्रेला निघाले. भुसावळहून रेल्वेने बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर. पुढे गोरखपूरहून बसने सोनौली आणि सीमा ओलांडून लुंबिनी. निघण्यापूर्वी नाना मोबाईलच्या दुकानात गेले व "नेपाळात फोन लागला पाहिजे," एवढेच म्हणाले. दुकानातील पोराने आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून दिले. त्यासाठी वेगळा पॅक घ्यावा लागतो, नाही तर नेटचा दर अव्वाच्या सव्वा लागतो, हे त्याने सांगितले नाही. लुंबिनीत मायादेवीच्या मंदिरासमोर, अशोकस्तंभापाशी उभे राहून नानांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. सून, नातवंडे, शेजारच्या दोन आयाबाया, सगळ्यांना त्यांनी बुद्धाची जन्मभूमी दाखवली. अर्धा तास. ज्यांच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेरचे जग दिसले नाही, त्यांनी तो अर्धा तास कसा मोजावा?

कंपनीने मात्र मोजला.

आता खरी मेख पाहा. नानांच्या प्रत्येक बिलावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात छापलेले आहे: क्रेडिट लिमिट १,५०० रुपये. म्हणजे या ग्राहकाला दीड हजारापर्यंतच उधारी द्यायची, असे कंपनीने स्वतःच ठरवले होते. मग पंधराशेला मीटर थांबले का नाही? कंपनीचे उत्तर असे की परदेशी कंपनीकडून वापराचा हिशेब यायला वेळ लागतो आणि लिमिट ही केवळ आमच्या सोयीची असते. हे उत्तर मी दोनदा वाचले. लिमिट कंपनीच्या सोयीची! ग्राहकाने बिल थकवले की तीच लिमिट दाखवून फोन बंद करायचा; ग्राहकाला वाचवायची वेळ आली की ती लिमिट नुसती शोभेची. गावच्या सावकाराची वही यापेक्षा वेगळी काय होती? आकडा त्याच्या हातात आणि अंगठा आपला.

याविषयी नियम नाहीत असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २७ जून २००५ रोजीच कंपन्यांना निर्देश दिला होता की पोस्टपेड ग्राहकाला त्याची क्रेडिट लिमिट कळवा आणि वापर ८० टक्क्यांवर गेला की त्याला सावध करा. नानांना संदेश आला, पण दुसऱ्या दिवशी, इंग्रजीत, आणि आकडा कधीच पार झाल्यावर. शिवाय सावध करणे वेगळे आणि थांबवणे वेगळे. घराला आग लागल्याचे कळवणाऱ्याने पाण्याची बादलीही आणावी, एवढीच आपली अपेक्षा आहे.

ही अपेक्षा अवास्तव नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०१० पासून परदेशातील नेट-वापरासाठी ५० युरोचा आकडा ठरवून दिला. ग्राहकाने स्वतः होकार दिल्याशिवाय त्यापुढे नेट बंद. इंग्लंडने २०१७ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. १ ऑक्टोबर २०१८ पासून तेथील मोबाईल कंपन्यांना करार करताना ग्राहकाला विचारावेच लागते की महिन्याच्या बिलाला कमाल मर्यादा हवी का, आणि किती. मर्यादा ग्राहक ठरवतो, पाळायची कंपनीने. तेथील यंत्रांना जे जमते ते आपल्या कंपन्यांच्या यंत्रांना जमत नाही, हे कोणी सांगू नये. प्रीपेडवाल्याचा शिल्लक रुपया संपला की हीच यंत्रे क्षणात त्याचा आवाज बंद करतात. नानांच्या बसमधले बहुतेक जण प्रीपेडवाले होते. सोनौली ओलांडल्यावर त्यांचे फोन मुके झाले आणि ते वाचले. (प्रीपेडवाल्यांची लूट वेगळी आहे. २८ दिवसांचा महिना करून वर्षाला तेरा रिचार्ज मारायला लावतात.)

आपल्या खानदेशाला हा जाच नवा नाही. नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. देशातल्या देशात रोमिंगचे पैसे लागत त्या काळी सुरतेला पोट भरायला जाणाऱ्या आपल्या पोरांच्या फोनने नवापूरच्या पुढे गुजरातचा टॉवर पकडला, की आलेल्या फोनचेही पैसे कापले जात. आईने खुशाली विचारली तरी पोराच्या खिशाला चाट.

यावर दाद मागावी, तर तो दरवाजाही बरीच वर्षे अडवून ठेवला होता. १ सप्टेंबर २००९ च्या 'जनरल मॅनेजर, टेलिकॉम विरुद्ध एम. कृष्णन' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की टेलिफोन बिलाचा वाद तार कायद्याच्या कलम ७-ब प्रमाणे लवादाकडे न्यावा, ग्राहक मंचाकडे नाही. कंपन्यांनी हा निकाल बारा वर्षे ढालीसारखा वापरला. तो अडसर अहमदाबादच्या एका ग्राहकामुळे दूर झाला. त्याचे मासिक भाडे २४९ रुपये, सरासरी बिल ५५५ रुपये. आणि ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे बिल आले २४,६०९ रुपये ५१ पैसे! हा ग्राहक जिल्हा मंचात गेला. कंपनी अधिकारक्षेत्राचा मुद्दा घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. चंद्रचूड, न्या. सूर्य कान्त आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने निकाल दिला की दूरसंचार ही 'सेवा'च आहे आणि ग्राहक मंचाचा दरवाजा बंद नाही. चोवीस हजारांच्या बिलासाठी आठ वर्षे, तीही मूळ वादाचा निवाडा न होता, फक्त कोणाच्या दारात उभे राहायचे हे ठरण्यात गेली. तरी त्या माणसाचे उपकार मानले पाहिजेत.

म्हणून वाचकांना सांगतो. असे बिल आले तर प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. तोंडी भांडणाला पुरावा नसतो. समाधान झाले नाही तर तीस दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे लेखी अपील करा. तेथेही दाद मिळाली नाही तर जळगाव किंवा धुळे येथील जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. आणि लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस म्हणजे समन्स नव्हे. तिचा अर्थ एवढाच की खटला अजून दाखल झालेला नाही, तडजोड होते का पाहू. तेथे तुमच्या संमतीशिवाय कोणीही तुमच्यावर एक रुपया लादू शकत नाही. वसुलीवाले हे सांगत नाहीत, कारण कोर्टाच्या नावाने घाबरलेला माणूस लवकर पैसे भरतो.

नाना लोकअदालतीला गेले. कंपनीचा माणूस म्हणाला, "काका, निम्मे भरा आणि मोकळे व्हा." नानांनी बिल पुढे केले, कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे तुम्हीच छापलं ना? एवढे देतो." पंधराशे रुपये त्यांनी मोजून आणलेले होते. त्या माणसाने दोन-तीन ठिकाणी फोन लावले. तडजोड झाली नाही. पैसे पुन्हा पाकिटात गेले आणि त्याच आठवड्यात आम्ही ग्राहक आयोगासाठी तक्रारअर्ज लिहायला बसलो. अर्जात बिल दुरुस्तीची मागणी आहेच. पण नानांनी आणखी एक मागणी लिहायला लावली: माझ्या नंबरवर महिन्याला सहाशे रुपयांची मर्यादा मी ठरवतो आहे, ती कंपनीने पाळावी. असा आदेश मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. मी ती मागणी पहिल्या क्रमांकावर घेतली आहे.