पंचांविना चालणारी आकाशस्पर्धा

बहुतेक क्रीडास्पर्धांना मैदान लागते, ठरलेली वेळ लागते आणि निकाल देणारा पंच लागतो. हँग ग्लायडिंगच्या लांब पल्ल्याच्या ऑनलाइन स्पर्धांमध्ये यांपैकी काहीच नसते. एक स्पर्धक आल्प्सच्या डोंगरावरून, तर दुसरा टेक्ससच्या माळरानावरून आपल्या सोयीच्या दिवशी उड्डाण करतो. उतरल्यावर तो उड्डाणाची नोंद संगणकाच्या महाजालावरून पाठवितो आणि सर्वांचे गुण एकाच यादीत लागतात. एवढी मोकळीक असूनही निकाल विश्वासार्ह राहतो, तो नियमांमुळे. हे नियम समजून घेण्यासारखे आहेत.

इंजिनाविना प्रवास

हँग ग्लायडर म्हणजे धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेला कापडी पंख. अमेरिकेतील अभियंते फ्रान्सिस रोगॅलो यांनी पत्नी गर्ट्रूड यांच्या साह्याने १९४८ साली लवचिक पंखाची जी रचना तयार केली, तिच्यातून पुढे हा क्रीडाप्रकार विकसित झाला. स्पर्धक पंखाखाली पट्ट्यांच्या आधाराने पालथा लोंबकळतो आणि समोरच्या दांड्याला धरून शरीराचा भार इकडेतिकडे सरकवीत दिशा व वेग बदलतो.

इंजिन नसताना शेकडो किलोमीटर कसे जाता येते, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर घारींनी आधीच दिलेले आहे. उन्हाने जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. अशा प्रवाहात घारी पंख न हलविता घिरट्या घालीत उंच जातात. स्पर्धकही तेच करतो. एका प्रवाहात उंची मिळवावयाची, ती खर्चीत पुढे सरकावयाचे आणि जमीन जवळ येण्यापूर्वी दुसरा प्रवाह गाठावयाचा, असा हा प्रवास असतो. या पद्धतीने ३ जुलै २०१२ रोजी अमेरिकेचे डस्टिन मार्टिन यांनी टेक्ससमधील झपाटा येथून ७६४ किलोमीटर अंतर कापले. त्याच दिवशी त्यांच्याबरोबर उडालेले ऑस्ट्रेलियाचे जॉनी ड्युरँड ७६१ किलोमीटरपर्यंत पोहोचले.

गुण कसे मिळतात

गुणांकनाचा पाया अंतर हा असला, तरी सर्व अंतरे सारख्या मोलाची मानली जात नाहीत. वाऱ्याच्या दिशेने सरळ जाताना वारा मदत करतो. निघालेल्या ठिकाणी परत येणाऱ्याला मात्र प्रवासाचा काही भाग वाऱ्याविरुद्ध करावा लागतो. म्हणून एका प्रचलित पद्धतीत मुक्त अंतराला प्रत्येक किलोमीटरमागे १ गुण, साध्या त्रिकोणी उड्डाणाला १.२ गुण आणि आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या व्याख्येत बसणाऱ्या त्रिकोणाला १.४ गुण मिळतात. या शेवटच्या त्रिकोणाची अट अशी की, त्याची सर्वांत लहान बाजू एकूण परिघाच्या निदान २८ टक्के असली पाहिजे. म्हणजे १०० किलोमीटरच्या त्रिकोणात कोणतीही बाजू २८ किलोमीटरपेक्षा कमी चालत नाही. असा त्रिकोण पूर्ण करणाऱ्यास १४० गुण, तर तेवढेच मुक्त अंतर जाणाऱ्यास १०० गुण मिळतात.

मार्ग आधी जाहीर करावा लागत नाही. पाठविलेल्या नोंदीतून स्पर्धकाला सर्वाधिक गुण देणारे वळणबिंदू संगणकच शोधून काढतो. वेगवेगळ्या प्रकारच्या पंखांचे वर्ग स्वतंत्र असतात. हंगामाअखेर प्रत्येकाच्या ठरावीक संख्येच्या उत्तम उड्डाणांची बेरीज करून क्रम लावला जातो.

प्रामाणिकपणाची कसोटी

उपग्रहांच्या साह्याने स्थान सांगणारे छोटे यंत्र स्पर्धकाजवळ असते. ते काही सेकंदांच्या अंतराने वेळ, अक्षांश, रेखांश व उंची नोंदवीत जाते. नोंदीच्या शेवटी यंत्र एक सांकेतिक मोहोर उमटविते. मागाहून एखादा आकडा जरी बदलला, तरी मोहोर जुळत नाही आणि बनाव उघड होतो. नोंद मुदतीत पाठवावी लागते. ती सर्वांना पाहता येत असल्याने अन्य स्पर्धकही शंका उपस्थित करू शकतात. पंच नसले, तरी पारख करणारे अनेक असतात.

जिवाशी निगडित नियम

काही नियम गुणांपेक्षा महत्त्वाचे आहेत. विमानतळांभोवतीच्या नियंत्रित वा निषिद्ध हवाई क्षेत्रात विनापरवाना शिरल्याचे नोंदीवरून दिसले, तर उड्डाण बाद होते. कारण त्या चुकीची किंमत विमानातील प्रवाशांना मोजावी लागू शकते. ढगात शिरणेही निषिद्ध आहे. तेथे काय घडू शकते, हे पॅराग्लायडिंग या सख्ख्या क्रीडाप्रकारातील एका घटनेने दाखवून दिले. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅनिला येथे सरावाच्या वेळी एवा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढल्या गेल्या. त्यांच्या यंत्राने ९,९४६ मीटर उंची नोंदविली. बेशुद्धावस्थेत बराच काळ वर राहूनही त्या आश्चर्यकारकरीत्या बचावल्या. त्याच वादळात सापडलेले चीनचे हे झोंगपिन मात्र मृत्युमुखी पडले. आणखी थोड्या गुणांच्या मोहात हवामानाचा इशारा डावलू नये, हाच याचा बोध आहे.

सहभाग आणि गावकरी

नाव नोंदविणे सोपे आहे. त्यासाठी लागणारी पात्रता मात्र सावकाश येते. अनुभवी शिक्षकाकडून रीतसर शिक्षण, शिरस्त्राण, राखीव हवाई छत्री, हवामानाचे ज्ञान आणि स्थानिक नियमांची माहिती यांवाचून लांब पल्ल्याच्या वाटेस जाऊ नये.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील कामशेतचा परिसर पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध आहे आणि त्या प्रकारासाठीही अशाच स्पर्धा चालतात. वरचा प्रवाह न मिळाल्यास स्पर्धकाला वाटेतल्या एखाद्या शेतात उतरावे लागते. अशा वेळी उभे पीक टाळणे, शेतकऱ्याची भेट घेणे आणि नुकसान झाल्यास ते भरून देणे हे त्याचे कर्तव्य आहे. गावकऱ्यांनी उतरण्याची जागा मोकळी ठेवावी, मुलांना दूर उभे करावे, पंखाला वा दोऱ्यांना हात लावू नये आणि कोणी जखमी असल्यास त्वरित वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. ग्रामपंचायत व शाळा यांनी एवढी माहिती आधीच दिली, तर गोंधळ आणि अपघात दोन्ही टळतील.

शाळेसाठी तर हा चालताबोलता पाठ आहे. त्रिकोणाची परिमिती, टक्केवारी, अक्षांश-रेखांश आणि तापलेल्या हवेचे वर चढणे हे सारे एकाच उड्डाणात दिसते. आणि कोणी पाहत नसतानाही नियम पाळावयाचे असतात, हा धडा त्याहून मोलाचा आहे.